ज्यू लोकांनाही येशू लागतो का?



आजचं वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय ९, १० आणि ११

रोमकरांस पत्र वाचायला घेतलं की आठव्या अध्यायापर्यंत आपण सगळे उत्साहाने येतो. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच तोडू शकत नाही, ना मरण, ना जीवन, ना वर्तमान, ना भविष्य, हे वाचून मन भरून येतं. मोबाईलवर स्टेटस ठेवला जातो. आणि मग नववा अध्याय सुरू होतो आणि सूर एकदम बदलतो. पौल म्हणतो की त्याच्या मनात सतत दुःख आहे. कोणासाठी? त्याच्या स्वतःच्या यहूदी भाऊबंदांसाठी. त्यांच्यासाठी आपण स्वतः ख्रिस्तापासून वेगळं व्हायलाही तयार आहोत, इथपर्यंत तो जातो. आपल्यापैकी बरेच जण हे तीन अध्याय ‘त्या काळातला यहूद्यांचा विषय’ म्हणून सोडून देतात आणि थेट बाराव्या अध्यायावर उडी मारतात.

आज उडी मारायची नाही. कारण या तीन अध्यायांत एक प्रश्न आहे, जो तरुण संघात कोणी ना कोणी विचारतोच : ज्यू लोक तर आधीच देवाची प्रजा. मग त्यांनाही तारणासाठी येशूवर विश्वास ठेवावा लागतो का? ‘हो’ म्हटलं तर देवाने अब्राहामाला दिलेल्या वचनाचं काय झालं? ‘नाही’ म्हटलं तर पौल रडतोय कशासाठी?

चंद्रपूर-गडचिरोलीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न फार लांबचा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांनी ज्यू माणूस फक्त बायबलमध्ये आणि बातम्यांमध्ये पाहिलेला असतो. पण ज्यू लोक आपल्याच भाषेत बोलतात, आपल्याच महाराष्ट्रात राहतात, हे किती जणांना माहीत आहे?

कोकणातले शनिवार तेली

रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव नावाचं गाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की कित्येक शतकांपूर्वी तिथल्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं आणि सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पसरले. तेल गाळण्याचा धंदा त्यांनी धरला. मराठी ही त्यांची घरातली भाषा झाली, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावावरून आडनावं पडली. पण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे.

विचार करा. त्यांच्याकडे तोराची गुंडाळी नव्हती. हिब्रू भाषा विसरली होती. सभास्थान नव्हतं, मुंबईतलं त्यांचं पहिलं सभास्थान १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. त्याआधी शेकडो वर्षं त्यांच्याजवळ काय होतं? शब्बाथ, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, आणि देव एकच आहे ही ‘शमा’ची कबुली. एलीया संदेष्ट्याची आठवण तर त्यांनी इतकी जवळ ठेवली की अलिबागजवळच्या खंडाळ्यात त्याच्या रथाची खूण दाखवतात आणि पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा करून त्याच्या नावाने देवाचे आभार मानतात.

पुस्तक नाही, शिक्षक नाही, तरी शनिवार सोडला नाही. सगळा डेटा गेला तरी एवढी एक फाईल करप्ट झाली नाही! कोणी राखली ती? मी तर म्हणेन, ज्याने अब्राहामाला वचन दिलं, त्यानेच.

मिशनरी आले आणि काय झालं

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. १८३२ साली त्यांनी सुरू केलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभं राहिलं. (आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमागेही स्कॉटिश मिशनच आहे, आणि चांदा मिशनसुद्धा स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चचं. म्हणजे आपली नाळ त्याच देशाशी जुळलेली आहे.) या मिशनऱ्यांना कोकणातले बेने इस्राएल भेटले तेव्हा त्यांना वाटलं की हे तर सुवार्तेसाठी तयार शेत! त्यांनी बेने इस्राएल मुलामुलींसाठी शाळा काढल्या. बेने इस्राएल शिक्षक नेमले. विल्सनसाहेबांनी तर मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. जुना करार मराठीत आला आणि या समाजाने मोशे, दावीद, यशया पहिल्यांदाच स्वतःच्या मायबोलीत वाचले.

परिणाम काय झाला? फार थोड्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाकीचे अधिक चांगले ज्यू झाले. हिब्रू आली, पवित्र शास्त्र आलं, प्रार्थना समजू लागल्या. १८७५ साली केहिमकरांनी पुढाकार घेऊन समाजाची स्वतःची शाळा सुरू केली. १८८०च्या सुमारास तर त्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत घेतली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं कीर्तनातून गायला सुरुवात केली.

मिशनऱ्यांच्या रिपोर्टच्या हिशोबाने हे अपयशच. पण देवाच्या हिशोबाने? ज्या लोकांनी वचन हरवलं होतं त्यांना देवाने आपल्या ख्रिस्ती सेवकांच्या हातून त्यांचं वचन परत दिलं. सेवकांचा हेतू एक होता, देवाने काम दुसरंही करून घेतलं. मला या घटनेत रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय कोकणात उतरलेला दिसतो.

तीन उत्तरं

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ख्रिस्ती लोकांनी याला मुख्यतः तीन उत्तरं दिली आहेत.

पहिलं उत्तर : इस्राएलची जागा मंडळीने घेतली. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरपासून हा विचार मांडला गेला. म्हणजे नवं व्हर्जन आलं, जुनं बंद, सपोर्टही बंद. ऐकायला सोपं आहे. पण पौल अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच विचारतो की देवाने आपल्या लोकांना सोडून दिलं काय, आणि स्वतःच ठणकावून नाही म्हणतो. पुढे तर तो सांगतो की देव आपली दानं आणि आपलं पाचारण परत घेत नाही. ज्याने स्वतः हे लिहिलं त्याच्या नावावर आपण ‘सपोर्ट बंद’ कसं खपवणार?

दुसरं उत्तर : दोन रस्ते आहेत. ज्यूंसाठी मोशेचा करार, बाकीच्यांसाठी येशू. जर्मन ज्यू विचारवंत फ्रान्झ रोझेन्झ्वाइग १९१३ साली ख्रिस्ती व्हायच्या अगदी काठावर होते, पण ते ज्यूच राहिले. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की येशूवाचून पित्याकडे कोणी पोहोचत नाही हे खरं, पण जो आधीच पित्यापाशी आहे त्याने पोहोचायचा प्रश्न कुठे येतो? फार सुंदर विचार आहे, आणि ज्यू बांधवांच्या छळानंतर बऱ्याच ख्रिस्ती विचारवंतांना तो पटला. पण प्रामाणिकपणे वाचलं तर नव्या करारात तो बसत नाही. येशूवाचून दुसऱ्या कोणाच्या नावाने तारण नाही, हे पेत्राने कोणासमोर सांगितलं? प्रेषितांची कृत्ये, चौथा अध्याय काढा. यरुशलेमात, यहूदी अधिकाऱ्यांसमोर. सांगणारा यहूदी, ऐकणारे यहूदी, ज्याच्याविषयी सांगितलं तोही यहूदी! सुवार्ता आधी त्यांच्याच घरात सांगितली गेली. आपण तर नंतर आलेले पाहुणे. आणि दोन रस्ते असते तर पौलाला रडायचं काही कारणच नव्हतं.

तिसरं उत्तर या दोघांच्या मध्ये उभं आहे : तारणारा एकच, आणि इस्राएलला दिलेलं वचनही अजून जिवंत. कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र काढलं आणि ज्यू लोकांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणू नये असं स्पष्ट केलं. २०१५ साली व्हॅटिकनच्या आयोगाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की तारणाचे दोन समांतर रस्ते नाहीत, तरी चर्च ज्यूंसाठी खास संस्था काढून मिशन चालवत नाही. ख्रिस्ती माणसाने आपल्या विश्वासाची साक्ष मात्र नम्रपणे द्यावी. उलट १९८९च्या विलोबँक घोषणेत इव्हॅन्जेलिकल पुढाऱ्यांनी म्हटलं की ज्यूंना सुवार्ता न सांगणं हाच भेदभाव होईल. दोघांत फरक मोठा आहे. पण दोघेही येशूला सर्वांचा तारणारा मानतात, आणि ज्यूंचा तिरस्कार हे पाप आहे हेही दोघे मानतात.

जंबेरीचा खुंट

पौलाने हे सगळं एका झाडात सांगितलंय. जैतुनाचं झाड, त्याच्या काही फांद्या तोडल्या, आणि तिथे रानटी जैतुनाची फांदी कलम केली. ती रानटी फांदी म्हणजे आपण.

आपल्या विदर्भातल्या लोकांना हे चटकन समजायला हवं. काटोल-वरुडकडे संत्र्याची कलमं कशी करतात? खुंट जंबेरीचा, म्हणजे रांगडा, काटक. त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. मूळ रानटी, फळ गोड. पौलाच्या झाडात बरोबर उलटं आहे. मूळ मशागतीचं आणि फांदी रानातली! कुठलाही शेतकरी असं करणार नाही, आणि हे निसर्गाच्या उलट आहे हे पौल स्वतःच सांगतो. मग देव असं का करतो? कारण या झाडात फांदीच्या गुणाने फळ येतच नाही, मुळाच्या रसाने येतं. म्हणून पौलाची ताकीद आहे की फांदीने मुळासमोर फुशारकी मारू नये. आणि जो रानटी फांदी जोडू शकतो, त्याला झाडाचीच तोडलेली फांदी परत जोडणं किती सोपं!

लक्षात घ्या, झाड एकच आहे. दोन झाडं नाहीत, म्हणून ‘दोन रस्ते’ बसत नाही. आणि जुनं झाड उपटून नवं लावलेलं नाही, म्हणून ‘जागा घेतली’ हेही बसत नाही.

मग हो की नाही?

आता तुम्ही म्हणाल, झाड वगैरे ठीक आहे, सरळ सांग, हो की नाही?

माझ्या मते इथे दोन वेगळे प्रश्न एकात गुंडाळले जातात. तारण कोण करतो, हा एक. आणि कोणाकोणाचं तारण होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पवित्र शास्त्र स्पष्ट देतं : येशू ख्रिस्त, ज्यूंचाही आणि आपलाही. यात मी तडजोड करू शकत नाही. तो इस्राएलचाच मसीहा आहे. त्यांना सोडून बाकीच्या जगाचा तारणारा, असं म्हटलं तर त्याला त्याच्याच घरातून बाहेर काढल्यासारखं होईल.

दुसऱ्या प्रश्नाची यादी मात्र आपल्या हातात दिलेली नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय पाहा. अब्राहाम, सारा, मोशे, राहाब... यांच्यापैकी कोणीही येशूचं नाव उच्चारलं नव्हतं. तरी ते विश्वासाने जगले म्हणून मोजले गेले. म्हणजे ख्रिस्ताशिवाय तारण नाही, हे एक विधान. आणि ज्याने ख्रिस्ताचं नाव ओळखलं नाही त्याला ख्रिस्त तारूच शकत नाही, हे दुसरं. पहिलं मी मानतो. दुसरं म्हणायचा अधिकार मला कोणी दिला?

यावर एक मजबूत आक्षेप आहे. अब्राहामाने सुवार्ता ऐकली नव्हती. आजच्या ज्यूने ऐकली आणि नाकारली. हा आक्षेप मी हलका मानत नाही, दहावा अध्याय याच मुद्द्यावर आहे. पण त्याने नेमकं काय ऐकलं, हेही विचारायला हवं. आपल्या शेजारच्या गोव्याचंच उदाहरण घ्या. गार्सिया द ओर्ता हे ज्यू वंशाचे वैद्य. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या बहिणीला, कातारीनाला, गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ साली जाळण्यात आलं. १५८० साली खुद्द ओर्तांची हाडं कबरीतून उकरून जाळली. हे सगळं येशूच्या नावाने झालं. त्या ज्वाळा पाहून एखाद्या ज्यूने तोंड फिरवलं, तर त्याने ख्रिस्ताला नाकारलं की त्याचं नाव घेऊन आग लावणाऱ्यांना? याचा निवाडा मी करू शकत नाही. देव करू शकतो.

पण खरं सांगायचं तर कोकणात आग नव्हती. तिथे शाळा होत्या, पुस्तकं होती, प्रेम होतं. तरी बहुतेक बेने इस्राएल आपल्या जागी राहिले. याचं उत्तर छळात सापडत नाही. इथे पौलाने वापरलेलाच शब्द उरतो : रहस्य. इस्राएलच्या काही भागाला काही काळापुरती आलेली कठोरता, आणि शेवटी सर्व इस्राएलचं तारण. कधी, कसं, ते तो सांगत नाही. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो हिशोब मांडत नाही, देवाच्या ज्ञानाची खोली पाहून स्तुती करतो. जिथे पौल थांबला तिथे मीही थांबतो.

आपलं यात काय अडकलंय

तुम्हाला वाटेल, हा सगळा ज्यूंचा विषय झाला, माझं काय? तुमचं सगळंच यात अडकलंय, प्रियांनो. आठव्या अध्यायानंतर लगेच नववा का येतो? कारण आठवा वाचून कोणीही हुशार माणूस विचारेल : देवाच्या प्रीतीपासून काहीच तोडू शकत नाही म्हणता, मग इस्राएलचं काय झालं? त्यांनाही वचन होतं ना? देवाने जर त्यांना सोडलं असेल, तर उद्या मला सोडणार नाही याची गॅरंटी काय? रात्री झोप न लागता, नोकरी गेलेली असताना, प्रार्थनेला उत्तर येत नसताना आपण ज्या वचनाला धरून बसतो, ते वचन इस्राएलशी राखलेल्या शब्दावर उभं आहे. देव त्यांच्याशी विश्वासू, म्हणून आपल्याशी विश्वासू.

आणि दुसरी गोष्ट. गडचिरोलीतल्या, चंद्रपुरातल्या कितीतरी घरांत विश्वास एक-दोन पिढ्यांपूर्वीच आला. कोणाची आजी, कोणाचा गोंड आजोबा, कोणाचे आईवडील आजही मंडळीत नाहीत. त्यांचं काय होईल, हा प्रश्न आपण मोठ्याने विचारत नाही, पण छातीत असतो. इस्राएलशी देवाचा जो खास करार आहे तो सरसकट सगळ्यांना लागू करून मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पण देवाचा स्वभाव तोच आहे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहामाने ज्याच्याकडे न्याय मागितला, त्या पृथ्वीच्या न्यायाधीशाच्या हातात ती माणसं आहेत. आणि पौलाने आपल्याला एक नमुना दिला आहे. तो आपल्या माणसांवर निकाल देत नाही, आणि सगळं आपोआप ठीक होईल म्हणून हात झटकतही नाही. तो रडतो, प्रार्थना करतो, सांगत राहतो.

या आठवड्यात करण्यासारख्या तीन गोष्टी :

उपदेशात, गप्पांत ‘यहूदी’ किंवा ‘परुशी’ हे शब्द शिवीसारखे वापरणं बंद करू. आपला प्रभू, त्याची आई, त्याचे बारा शिष्य, सगळे यहूदी होते.

कधी अलिबागला, मुंबईला गेलात आणि एखादं सभास्थान दिसलं तर मनातल्या मनात आभार माना. स्तोत्रं आपल्याला त्या घरातून मिळाली आहेत.

आणि विश्वासाची साक्ष द्या, ज्यू असो की शेजारी असो. आमिष नको, धमकी नको, वादात जिंकायची घाई नको. फांदी बोलते तशी बोला, मुळाची आठवण ठेवून.

आजची प्रार्थना

अब्राहामाच्या देवा, तू दिलेला शब्द मागे घेत नाहीस म्हणून आम्ही आज उभे आहोत. ज्या घरातून तू आम्हाला तारणारा दिलास त्या घराला शांती दे. त्यांच्यावर तुझ्या नावाने झालेल्या अन्यायाची आम्हाला लाज वाटू दे. आमच्या घरातली जी माणसं अजून तुला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी आम्हाला पौलाचे अश्रू दे, आणि त्यांचा निवाडा तुझ्याच हाती सोपवण्याइतका विश्वास दे. येशूच्या नावाने, आमेन.

उद्याचं वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय १२. आता तिथे उडी मारून नाही, चालत जाऊ.